जळगावहून श्रीलंकेला छोट्या विमानाने : नियोजन कसं करायचं

धुळे, शिरपूर किंवा जळगावच्या धावपट्टीवर शिकून परवाना मिळवलेल्या वैमानिकाला कधी ना कधी वाटतंच, की आता देशाबाहेर जाऊन यावं. जमतं ते. चार आसनी, एक इंजिनाचं सेसना १७२ सुद्धा श्रीलंकेला जाऊन येऊ शकतं. अडचण उडण्यात फार थोडी असते. खरी मेहनत इंधन, शिक्के आणि पाणी या तीन गोष्टींवर करावी लागते. नकाशावर जळगाव ते कोलंबो अशी सरळ रेषा ओढाल, तर या तिन्ही कारणांनी ती तीन वेळा मोडेल. कुठे आणि का मोडते, ते आधी नीट समजून घ्या. बाकीचं नियोजन त्यातूनच सुटत जातं.

हा लेख भारतात नोंदलेल्या, म्हणजे शेपटीवर ‘व्हीटी’ असलेल्या खासगी विमानासाठी आणि दिवसाच्या, डोळ्यांनी पाहून करायच्या व्हीएफआर उड्डाणासाठी आहे. आकडे सेसना १७२एसचे घेतले आहेत. तुमच्या विमानाचे आकडे त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेतून घ्या. शेजारच्या हँगरमधल्या विमानाचे आकडे चालत नाहीत.

श्रीलंकाच का?

पश्चिमेला पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं. ओमानला जायचं तर अहमदाबाद ते मस्कत हा पल्ला ७९० नॉटिकल मैलांच्या (पुढे ‘मैल’ म्हणजे नॉटिकल मैलच) आसपास भरतो आणि त्यातला बहुतेक समुद्रावर आहे. एका इंजिनावर, नवशिक्याने, तो विचार मनातून काढून टाकावा. नेपाळला जाता येतं, पण काठमांडूचं विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ ४,४०० फुटांवर, चारी बाजूंनी डोंगरांत आहे. तराईतलं भैरहवा सोपं आहे, तिथे पुढच्या वेळी जा. श्रीलंकेला जाताना पाण्यावरचा पल्ला बराच आखूड करता येतो, तिथली घड्याळाची वेळ आपल्याइतकीच आहे आणि कोलंबोजवळच्या रत्मलानाला छोट्या विमानांची जुनी वहिवाट आहे. पहिल्या परदेशवारीला यापेक्षा बरं ठिकाण खानदेशातून दिसत नाही.

महिना आधी ठरवा, तारीख नंतर

जून ते सप्टेंबर बाद. ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने खानदेशात कापूस वेचणीचे आणि निरभ्र आकाशाचे असतात, म्हणून माणूस फसतो. त्याच दिवसांत तमिळनाडू आणि श्रीलंकेवर ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी श्रीलंकेत गडगडाटी ढग आणि आपल्याकडे उन्हाचा कहर. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ येतं. त्या वाऱ्यात हवेत सोडाच, जमिनीवर बांधलेलं विमानसुद्धा सुरक्षित नसतं.

उरतात जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले दोन आठवडे. तेव्हाही दोन गोष्टी लक्षात असू द्या. थंडीत तापीकाठी पहाटे धुकं धरतं, म्हणून सातला निघायचं ठरवून नऊला निघावं लागू शकतं. फेब्रुवारीपासून अवकाळी आणि गारपीट कधीही येते. गारांनी पंखाच्या पत्र्याला पडलेले खळगे दुरुस्त करणं फार खर्चिक आणि वेळखाऊ असतं, म्हणून दौऱ्याआधीच्या आठवड्यात विमान उघड्यावर ठेवू नका.

उन्हाळ्यात निघायचा हट्ट असेल त्याच्यासाठी एक हिशेब. जळगावच्या धावपट्टीची उंची सुमारे ८५० फूट. त्या उंचीवर प्रमाण तापमान १३ अंश धरतात. दुपारी पारा ४३ वर गेला, की फरक ३० अंशांचा झाला. दर अंशाला १२० फूट धरले, तर ३,६०० फूट वाढले. म्हणजे विमानाच्या दृष्टीने तुम्ही जवळजवळ ४,४५० फुटांवरून उडताय. हवेचा दाबही मेमध्ये कमी असतो, त्याचे आणखी शे-दोनशे फूट धरा. सुमारे १,७०० मीटरची धावपट्टी उड्डाणाला पुरते, खरा फटका चढताना बसतो. पुस्तिकेत समुद्रसपाटीला मिनिटाला ७३० फूट लिहिलेली चढ पाचशेच्या आसपास येते आणि सहा हजार फुटांच्या वर तीनशेवर. इंजिन तापतं, तेलाचा काटा लाल रेषेकडे सरकतो. सकाळी साडेसातला तेच विमान वेगळंच वागतं.

पहिला मोड : इंधन

नवशिक्या मार्ग आखतो अंतरावर. मार्ग आखायचा ॲव्हगॅसवर, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलवर.

जेट विमानांचं इंधन, जेट ए-१, जवळपास प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळतं. तुमचं विमान डायमंड डीए४० एनजीसारखं, जेट इंधनावर चालणारं असेल, तर हा भाग तुम्हाला निम्मा सोपा आहे. पण सेसनाच्या लायकॉमिंग इंजिनाला ॲव्हगॅस १००एलएल लागतं आणि ते देशात मोजक्या ठिकाणीच असतं, मुख्यतः जिथे वैमानिक प्रशिक्षण चालतं तिथे. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या आपल्या रिफायनरीत तयार होणारं ॲव्हगॅस बाजारात आणलं. त्याआधी सगळं आयात व्हायचं. खानदेशाला हे जवळ पडतं, पण वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर ते असेल असं गृहीत धरू नका.

जळगाव–हैदराबाद सुमारे २६५ नॉटिकल मैल, हैदराबाद–तिरुपती २३७, तिरुपती–तिरुचिरापल्ली १७९. वाऱ्याचा हिशेब धरून जमिनीवरचा वेग १०५ नॉट, म्हणजे ताशी तितके मैल, घेतला, तर साधारण अडीच तास, सव्वादोन तास आणि पावणेदोन तास. मधल्या थांब्याशिवाय हैदराबाद–तिरुचिरापल्ली थेट ४०० मैल होतात. ते टाकीत बसतात, पण राखीव इंधन घटतं आणि चार तास सलग बसलेला वैमानिक नव्या, गजबजलेल्या विमानतळावर उतरताना चुका करतो. दोन दिवसांत तिरुचिरापल्ली गाठा, तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र ओलांडा.

प्रत्येक थांब्यावर किमान तीन आठवडे आधी फोन करा आणि चार प्रश्न विचारा : ॲव्हगॅस आहे का, किती लिटर आहे, बाहेरच्या विमानाला देता का, पैसे कसे घेता. ‘आहे’ एवढ्या उत्तरावर फोन ठेवू नका. ‘आहे, पण आमच्या विद्यार्थ्यांपुरतं’ हे पुढचं वाक्य प्रत्यक्ष तिथे पोचल्यावर ऐकायला मिळालं, तर दोन दिवस वाया जातात.

जिथे पंप नाही, तिथे २०० लिटरचा पिंप मागवावा लागतो. पिंपातून भरणं हे वेगळं काम आहे आणि ते घाईत करू नये. पिंप उन्हात उभा असेल तर दिवसा आतली हवा फुगते, रात्री आकसते. झाकणावर दव किंवा पावसाचं पाणी साचलेलं असलं, की आकसताना ते बुचाच्या आट्यांतून आत ओढलं जातं. म्हणून पिंप आडवा किंवा तिरपा ठेवलेला असावा. भरण्याआधी उभा करून काही तास स्थिर राहू द्या. पाणी आणि गाळ तळाशी बसतो, त्यामुळे हातपंपाची नळी तळापासून दोन-तीन इंच वर धरा. शेवटचे काही लिटर पिंपातच सोडून द्यायचे, त्यांचा लोभ नको. पिंप, पंप आणि विमान तिन्ही तारेने एकमेकांना जोडल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कारण वाहत्या इंधनाने स्थिर वीज तयार होते आणि कोरड्या हवेत तिची ठिणगी पडते. भरून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि सगळ्या निचरा-झडपांतून नमुना काढा. १००एलएलचा रंग फिकट निळा. नमुना पांढऱ्या आभाळापुढे धरा. रंग नसेल, किंवा तळाशी थेंब गोळा होऊन वेगळा हलत असेल, तर पुन्हा काढा. शंका राहिली तर दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका. ॲव्हगॅस उडून जातं, जेट इंधन तेलकट डाग मागे ठेवतं. ही तपासणी एका मिनिटाची आहे आणि पेट्रोल इंजिनात चुकून जेट इंधन भरल्याने होणारे अपघात तीच टाळते.

रस्त्यावरच्या पंपाचं पेट्रोल कितीही जवळ असलं तरी नाही. त्यात इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं आणि टाकीतले, नळ्यांतले रबराचे भाग खराब करतं.

दुसरा मोड : शिक्के

जळगावला कस्टम्स आणि इमिग्रेशन नाही, म्हणून तिथून थेट परदेशी जाता येत नाही आणि परदेशातून थेट तिथे उतरताही येत नाही. भारत सोडताना शेवटचं विमानतळ कस्टम्सचं हवं आणि परतताना पहिलं उतरणंही कस्टम्सच्या विमानतळावरच. आपल्या मार्गात ते काम तिरुचिरापल्ली करतं. तिकडे जाफना, म्हणजे पलालीचं विमानतळ २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय म्हणून पुन्हा सुरू झालं. तिथे किंवा रत्मलानाला उतरायचं असेल, तर तुमच्या दिवशी, तुमच्या वेळेला कस्टम्स-इमिग्रेशनचा माणूस हजर असेल याची लेखी खात्री घ्या. छोट्या आंतरराष्ट्रीय विमानतळांवर हे कर्मचारी नियमित विमानाच्या वेळेपुरते येतात.

विमानासोबत ठेवायची कागदपत्रं १९४४ च्या शिकागो कराराच्या २९ व्या कलमात सांगितली आहेत : नोंदणी प्रमाणपत्र, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र, वैमानिकांचे परवाने, प्रवासाची नोंदवही, रेडिओचा परवाना, प्रवाशांची यादी आणि सामान असेल तर त्याचा तपशील. यात आणखी जोडा : एअरवर्दिनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट, ध्वनी प्रमाणपत्र, विमा, वजनाचा तक्ता आणि उड्डाण पुस्तिका. वैमानिकाकडे परवान्यासोबत चालू वैद्यकीय प्रमाणपत्र, रेडिओ टेलिफोनी परवाना, इंग्रजी भाषेची पातळी चारची नोंद आणि पासपोर्ट. श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवास परवाना सगळ्यांचा काढा, वैमानिकाचाही.

यातले दोन कागद नेहमी विसरतात. पहिला विमा. बहुतेक खासगी पॉलिसी भारताच्या हद्दीपुरत्या असतात. श्रीलंकेचं नाव आणि तारखा लिहिलेली पुरवणी कंपनीकडून घ्यावी लागते आणि ती दोन दिवसांत येत नाही. दुसरा विमानाच्या रेडिओचा परवाना. त्याची मुदत उड्डाणयोग्यतेच्या कागदांबरोबर संपत नाही, म्हणून ती कोणाच्या लक्षातच राहत नाही.

परवानग्यांचा क्रम असा ठेवा. साधारण ४५ दिवस आधी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) खासगी विमान परदेशी नेण्याबाबत लेखी विचारणा आणि अर्ज. ३० दिवस आधी श्रीलंकेच्या नागरी विमान प्राधिकरणाकडे उतरण्याची परवानगी. त्यात विमानाची नोंद, माणसांची नावं आणि पासपोर्ट, तारीख, मार्ग, येण्याचं कारण. सोबत तिथल्या हँडलिंग एजंटचं, म्हणजे विमानतळावरची कामं करून देणाऱ्याचं, नाव द्या. एजंट नको, आपण सगळं करू, हा विचार मोठ्या विमानतळावर चालत नाही. विमानं उभी राहतात त्या ॲप्रनवरून इमिग्रेशनपर्यंत तुम्हाला पायी जाऊ देत नाहीत, गाडी एजंटचीच लागते. तिरुचिरापल्लीलाही एजंट ठरवा आणि दराचं पत्रक आधीच मागवा, नंतर वाद नको.

उड्डाणाच्या दिवशी जे दोन आकडे मिळाल्याशिवाय चाक हलत नाही, ते म्हणजे एडीसी आणि एफआयसी. एडीसी ही हवाई दलाकडून मिळणारी हवाई संरक्षण मंजुरी, एफआयसी हा फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा क्रमांक. फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाचा लेखी आराखडा, गेल्यावर दोन्ही घ्यायचे आणि वेळेसह नीबोर्डवर (मांडीवर बांधायची पाटी) मोठ्या अक्षरांत लिहायचे. इंजिन सुरू करायची परवानगी मागितली, की नियंत्रक सर्वांत आधी तेच विचारतो. प्रत्येक टप्प्याचे आकडे वेगळे असतात. कालचे वाचून दाखवले, तर तुम्हाला परत जागेवर पाठवतात.

जनरल डिक्लरेशन, म्हणजे विमान आणि माणसांचा तपशील देणाऱ्या फॉर्मच्या, किमान दहा-बारा प्रती छापून न्या. कस्टम्स, इमिग्रेशन, आरोग्य, विमानतळ, एजंट, सगळे एकेक ठेवून घेतात. विमानाचा क्रमांक आणि मालकाचं नाव असलेला रबरी शिक्का बनवून घ्या. शे-दोनशे रुपयांची ती वस्तू तुमचा अर्धा तास वाचवते. चमकणारं जॅकेट आणि फोटो असलेलं ओळखपत्र प्रत्येकाला हवं.

एक गोष्ट ठळक सांगतो. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी ट्रेकिंगची छोटी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात जवळ बाळगता येत नाहीत. परदेशी व्हिडिओ पाहून लोक ती बॅगेत टाकतात आणि विमानतळावर ताब्यात घेतले जातात. संकटासाठी ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी, म्हणजे अपघातात संकटसंदेश पाठवणारा ट्रान्समीटर, पुरेसा आहे. फक्त त्याचा कोड बंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात तुमच्या विमानाच्या नावाने, चालू मोबाइल क्रमांकासह नोंदलेला असला पाहिजे. विमान विकत घेतलेलं असेल, तर तिथे अजून जुन्या मालकाचाच फोन असतो. तपासा.

तिसरा मोड : पाणी

तिरुचिरापल्ली ते कोलंबो सरळ रेषा ओढा. ती रामेश्वरजवळून जाते आणि पुढे मन्नारच्या आखातावर शंभराहून जास्त मैल पाण्यावरच राहते. अंतर कमी, पण इंजिन थांबलं तर खाली मधोमध समुद्र. तीच रेषा पूर्वेला वळवा : तिरुचिरापल्लीहून तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कोडियाक्कराईच्या टोकापर्यंत ७४ मैल, सगळे जमिनीवर. तिथून जाफन्याचा किनारा सुमारे ३० मैल. मग जाफन्याहून दक्षिणेला रत्मलाना १७९ मैल, बहुतेक श्रीलंकेच्या जमिनीवरून.

आता ३० मैलांचा हिशेब बघा. सेसना १७२ इंजिनाविना, वारा नसताना, हजार फुटांमागे साधारण दीड मैल तरंगत जातं. पूर्व दिशेच्या मार्गाला व्हीएफआरची उंची विषम हजार अधिक पाचशे अशी असते, म्हणून ९,५०० फूट मागा. तेवढ्यातून सव्वाचौदा मैल मिळतात. दोन्ही किनाऱ्यांचे मिळून साडेअठ्ठावीस. म्हणजे कागदावर मधले दीड-दोन मैलच असे उरतात, की तिथून कुठलाच किनारा गाठता येत नाही. हेच ५,५०० फुटांवरून केलंत तर दोन्हीकडून मिळून साडेसोळा मैल आणि मधले साडेतेरा मैल, म्हणजे सात-आठ मिनिटं, तुम्ही फक्त इंजिनाच्या भरवशावर असता. ही जास्तीची चार हजार फुटांची चढ किनाऱ्याच्या आधीच, जमिनीवर असताना पुरी करा. किनारा दिसायला लागल्यावर चढायला सुरुवात करणं ही नेहमीची चूक आहे.

समोरून वारा असेल तर हा हिशेब बदलतो, म्हणून समान वेळेचा बिंदू काढा. एकूण अंतर गुणिले परतीचा वेग, भागिले जाण्याचा आणि परतीचा वेग यांची बेरीज. जाताना १०५ आणि परतताना १२५ नॉट मिळणार असतील, तर ३० मैलांमध्ये बिंदू येतो १६.३ मैलांवर. त्याच्या अलीकडे काही बिघडलं तर मागे वळा, पलीकडे असाल तर पुढे जा. आकडा नकाशावर रेघ मारून ठेवा. इंजिन खरखरायला लागल्यावर भागाकार होत नाही.

या मार्गात तंजावरचा हवाई दलाचा तळ आहे, रामेश्वरच्या बाजूला उचिपुळीला नौदलाचा. त्यामुळे मागितलेली उंची किंवा वळण मिळेलच असं नाही. बदल मिळाला, तर तरंगण्याचं गणित त्या क्षणी पुन्हा करा आणि न पटल्यास नियंत्रकाला तसं स्पष्ट सांगा. तिरुपतीच्या पूर्वेला श्रीहरिकोटा आहे. रॉकेट सुटायचं असेल तेव्हा नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) निघतो आणि आसपासचं आकाश काही तास बंद होतं, प्रक्षेपण पुढे ढकललं तर वेळही सरकते. निघण्याच्या सकाळी पुन्हा वाचा. व्हीएफआरच्या सर्वसाधारण मर्यादाही लक्षात ठेवा : फक्त दिवसाउजेडी, फ्लाइट लेव्हल १५० च्या (साधारण १५,००० फूट) खाली आणि किनाऱ्यापासून १०० मैलांच्या आत.

जीवरक्षक जॅकेट आसनाखाली नाही, अंगात. पण फुगवायचं विमानाबाहेर पडल्यावरच. आत फुगवलं तर माणूस दारात अडकतो, आणि आत पाणी भरलं तर छताला चिकटून बसतो. फुगवायची होडी मागच्या आसनावर, दोरी कोणाच्या हाताजवळ ते आधी ठरलेलं. पाण्यावर उतरायची वेळ आली तर लाटांच्या रांगेला समांतर उतरायचं, दारं टेकण्याआधीच उघडून कडी बाहेर काढून ठेवायची, म्हणजे धक्क्याने चौकट वाकली तरी दार अडकत नाही. निघण्याआधी डोळे मिटून दाराची कडी तीनदा उघडून बघा. सोबतच्या माणसाकडूनही करून घ्या.

वजन आणि लिटर

कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान सुमारे ७७०. उरले ३८७. टाकीत वापरण्याजोगं ॲव्हगॅस २०० लिटर, लिटरला ०.७२ किलो धरून १४४ किलो. उरले २४३. दोन माणसं कपड्यांसह १५५. मग ८८ किलोत होडी, जॅकेट, पाणी, चार बाटल्या तेल, बांधायचे दोर, हत्यारं आणि बॅगा. तिसरा मोठा माणूस बसतच नाही. मित्राला ‘नाही’ म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. विमानतळावर तोंडदेखलं ‘बस’ म्हणून इंधन कमी करणं हा सर्वांत वाईट मार्ग आहे. घरून केळीचे वेफर्स आणि शेव न्यायची तर तीही काट्यावर ठेवा.

समुद्राच्या दिवसाचं इंधन, ताशी ३६ लिटर धरून : तिरुचिरापल्ली–जाफना १०६ मैल, एक तास, ३७ लिटर. जाफना–रत्मलाना १७९ मैल, एक तास ४२ मिनिटं, ६१ लिटर. जाफन्याला ॲव्हगॅस मिळणार नाही असंच धरून दोन्ही टप्पे एकाच टाकीत बसवायचे. दोनदा इंजिन सुरू करणं, टॅक्सी आणि चढ यांचे १० लिटर. अडीअडचणीला १० टक्के, म्हणजे १०. पर्यायी विमानतळ मत्तला, रत्मलानाहून ८० मैल, २८ लिटर. कटुनायके, म्हणजे कोलंबोचं मुख्य विमानतळ, जवळ आहे, पण रत्मलानावर पाऊस असेल तेव्हा बहुधा तिथेही असतो, म्हणून पर्याय लांबचा घ्या. शेवटची ४५ मिनिटं राखीव, २७ लिटर. बेरीज १७३. टाकी पूर्ण भरलेली असेल तर २७ लिटर, म्हणजे आणखी पाऊण तास हातात राहतो. टाकीतलं इंधन काट्यावरून नाही, मोजपट्टी बुडवून बघा.

फ्लाइट प्लॅन

निघण्याच्या किमान एक तास आधी दाखल हवा. आंतरराष्ट्रीय टप्प्याला आदल्या संध्याकाळीच करा. वेळ नेहमी यूटीसी, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ : सकाळी सातचं उड्डाण म्हणजे ०१३०. पहाटे साडेपाचच्या आधीची वेळ यूटीसीमध्ये आदल्या तारखेला जाते आणि तारखेच्या रकान्यात तिथेच गफलत होते. विमानाचा क्रमांक मधल्या आडव्या रेघेशिवाय लिहायचा. रकाना १९ लोक घाईने भरतात, पण शोधपथक वाचतं ते तोच. २०० लिटर आणि ताशी ३६ म्हणजे साडेपाच तास, म्हणून टिकाव, म्हणजे इंधन पुरण्याचा वेळ, ०५३०. माणसं ००२. जॅकेटवर दिवा आहे का, होडी किती, किती जणांची, कोणत्या रंगाची, विमानाचा रंग कोणता, हे सगळं खरं लिहा. निघायला अर्ध्या तासाहून जास्त उशीर होत असेल तर विलंबाचा संदेश पाठवा, नाहीतर प्लॅन आणि त्याबरोबर एडीसीही हातचं जाईल.

हद्द ओलांडायच्या दहाएक मिनिटं आधी चेन्नईचा नियंत्रक तुम्हाला कोलंबोची फ्रिक्वेन्सी देईल. नाही दिली तर स्वतः मागा. दुसऱ्या रेडिओवर १२१.५ ही संकटकाळची फ्रिक्वेन्सी लावून ठेवा.

परत येताना

जानेवारीत पाल्कच्या सामुद्रधुनीवर ईशान्येचा वारा असतो. उत्तरेकडे येताना तो तिरका समोरून लागतो. २० नॉटचा असेल तर वेगातले १३-एक नॉट खातो, म्हणून परतीचं गणित नव्याने करा. रत्मलानाला टाकी पूर्ण भरल्याशिवाय निघू नका. उंचीही आता सम हजार अधिक पाचशे, म्हणजे ८,५००, तरंगण्याचा पल्ला पावणेतेरा मैल. परतीसाठी दोन दिवस मोकळे ठेवा. सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल, तर शनिवारचे ढग तुम्हाला पातळ दिसू लागतात. तसं वाटलं तर विमान तिथेच बांधून ठेवा आणि प्रवासी विमानाने घरी या.

तिरुचिरापल्लीला उतरल्यावर कस्टम्सच्या शिक्क्याची जनरल डिक्लरेशनची प्रत जपून ठेवा. तिथून पुढचे टप्पे देशांतर्गत, पण एडीसी-एफआयसी पुन्हा प्रत्येकाचे. शेवटचा टप्पा जळगावला असेल तर टॉवरच्या कामाच्या वेळा आधी विचारून घ्या. धुळे किंवा शिरपूरच्या धावपट्टीवर उतरणार असाल, तर तिथे तुमचं उतरणं नोंदवायला कोणी नियंत्रक नसतो. इंजिन बंद केल्या केल्या, विमान बांधायच्याही आधी, फोन करून उतरल्याची वेळ कळवा. अपेक्षित वेळेनंतर अर्ध्या तासात खबर लागली नाही, तर तुमचा शोध सुरू होतो.